गुराब, गलबत आणि मचवा : साष्टीच्या किनाऱ्यावरील शिडांच्या नौकांचे वर्गीकरण

मराठी आरमाराचा विषय निघाला की बहुधा प्रथम संख्येचा प्रश्न उपस्थित होतो. अमुक सेनानीपाशी इतकी जहाजे होती, अमुक स्वारीत इतकी नामशेष झाली, अशी वाक्ये बखरींतून, परकीयांच्या पत्रव्यवहारातून आणि त्यांच्या आधारे लिहिलेल्या ग्रंथांतून वारंवार आढळतात. परंतु ‘जहाज’ या एका शब्दाखाली नेमके काय मोजले गेले, हा प्रश्न त्यामानाने फार थोड्यांनी विचारला आहे. दहा माणसांची होडी आणि तीनशे टनांची गुराब ही दोन्ही एकाच बेरजेत घातली, तर त्या बेरजेला अर्थ उरत नाही. प्रस्तुत लेखात शिडाच्या नौकांचे आकार व प्रकार समजून घेण्याचा प्रयत्न याच दृष्टीने केला आहे. नौकांची नावे ही आकाराची नावे नसून प्रामुख्याने कामाची आणि पाण्याची नावे आहेत, आणि हे ध्यानात घेतल्याखेरीज आरमाराविषयीचा कोणताही अंक वापरता येत नाही, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

या विचारासाठी साष्टीचे बेट निवडण्यास कारण आहे. आज मुंबईच्या उपनगरांत मोडणारे दिंडोशी हे गाव समुद्रकाठचे नव्हे. गोरेगाव आणि मालाड यांच्या पूर्वेस, डोंगराच्या पायथ्याशी ते वसलेले आहे. तथापि त्याच्या सभोवतालचा भूगोल पाण्यानेच घडविला आहे. दक्षिणेस आरेच्या डोंगराळ भागात उगम पावणारी ओशिवरा नदी पश्चिमेकडे वाहत मालाडच्या खाडीला मिळते. ती खाडी वेसावे आणि मढ यांच्यामध्ये समुद्रात उघडते. उत्तरेस मनोरीची खाडी आहे, तिच्या पलीकडे वसईची खाडी, आणि डोंगराच्या पूर्वेस ठाण्याची खाडी. म्हणजे दिंडोशीहून कोणत्याही दिशेने निघाले तरी काही मैलांत खारे पाणी लागते. परंतु प्रत्येक दिशेचे पाणी निराळे. कोठे भरतीलाच भरणारे चिखलाचे खाजण, कोठे सदैव खोल असणारा प्रवाह, कोठे उघडा समुद्र. नौकांचे प्रकार ज्या कारणांनी उत्पन्न होतात ती सर्व कारणे या लहानशा टापूत एकत्र पाहावयास मिळतात.

प्रथम ग्रंथोक्त वर्गीकरणाकडे वळू. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या संस्कृत ग्रंथात नौकांचे ‘सामान्य’ आणि ‘विशेष’ असे दोन वर्ग केले आहेत. राधाकुमुद मुखर्जी यांनी १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय नौकानयनावरील ग्रंथामुळे हे वर्गीकरण सर्वपरिचित झाले. सामान्य वर्गात क्षुद्रेपासून मंथरेपर्यंत दहा प्रकार आहेत. क्षुद्रा सोळा हात लांब, चार हात रुंद व चार हात उंच. मंथरा एकशेवीस हात लांब, साठ हात रुंद आणि साठ हात उंच. विशेष वर्गात ‘दीर्घा’ आणि ‘उन्नता’ असे दोन पोटभेद असून दीर्घा नौकांची रुंदी लांबीच्या अष्टमांश सांगितली आहे.

या कोष्टकाची रचना रेखीव आहे, यात शंका नाही. परंतु सामान्य वर्गातील प्रमाणांकडे पाहिले म्हणजे असे दिसते की क्षुद्रेनंतरच्या सर्व नऊ नौकांची रुंदी लांबीच्या बरोबर निम्मी आहे, आणि त्यांपैकी मध्यमा सोडल्यास बाकीच्या आठांची उंचीही रुंदीइतकीच आहे. आता याच्याशी प्रत्यक्ष मापलेल्या एका नौकेची तुलना करावी. जॉन एडी यांनी १८३४ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात दक्षिण भारतीय किनाऱ्यांवरील नौकांचे जे वर्णन दिले, त्यात फत्तेमारीची लांबी सुमारे ७६ फूट, रुंदी सुमारे २१ फूट आणि वजन सुमारे २०० टन दिले आहे. म्हणजे लांबी ही रुंदीच्या साडेतीन पटींहून थोडी अधिक. किनाऱ्यावरील सुताराने बांधलेली ही नौका शास्त्रकाराच्या सामान्य वर्गातही बसत नाही आणि दीर्घा वर्गातही बसत नाही. यावरून ग्रंथ निरुपयोगी ठरत नाही. पण त्यातील आकडे हे प्रत्यक्ष मापन नसून नियमबद्ध रचना आहे, असे समजून त्याचा उपयोग करणे श्रेयस्कर होय.

ग्रंथापेक्षा अधिक विश्वसनीय असा एक पुरावा दिंडोशीच्या उत्तरेस काही मैलांवरच उभा आहे. बोरिवलीजवळील एकसर येथील सहा वीरगळ अभ्यासकांना परिचित आहेत. त्यांतील काहींवर नौयुद्धाचे शिल्पपट कोरलेले आहेत. यादव राजा महादेव (कारकीर्द १२६१ ते १२७१) आणि उत्तर कोकणचा अखेरचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्या संघर्षाशी या शिळांचा संबंध जोडण्याकडे विद्वानांचा कल आहे. सोमेश्वर समुद्रात नाश पावल्याचा निर्देश हेमाद्रीच्या प्रशस्तीत येतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की शिल्पकाराने दाखविलेल्या युद्धनौकांना डोलकाठी आहे आणि वल्ह्यांची रांगही आहे. नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, उंच उचललेली आहे. शीड आणि वल्हे यांचा हा संयोग आकस्मिक नव्हे. पुढे पाचशे वर्षांनीही याच किनाऱ्यावरील लढाऊ नौकांत तो कायम राहिलेला दिसतो.

त्याचे कारण वारा आणि भरती-ओहोटी यांत आहे. पावसाळ्याचे महिने नौका किनाऱ्यावर ओढून ठेवाव्या लागत आणि नारळी पौर्णिमेनंतर त्या पुन्हा पाण्यात लोटल्या जात. उरलेल्या ऋतूत रात्री व पहाटे जमिनीवरून आणि दुपारनंतर समुद्रावरून वारा वाहतो. दोहोंच्या संधिकाळात तो पडतो. अशा वेळी केवळ शिडावर अवलंबून असणारी मोठी नौका जागच्या जागी खोळंबते आणि वल्ही असलेली लहान नौका तिच्याभोवती हवी तशी फिरू शकते.

शिडाचा आकारही या वाऱ्याला अनुरूप आहे. पश्चिम किनाऱ्यावरील शीड त्रिकोणी, किंवा पुढचा कोपरा छाटलेल्या त्रिकोणाच्या आकाराचे असते. ते परभाण नावाच्या लांब तिरप्या दांड्याला बांधलेले असून डोलकाठी पुढच्या बाजूस कललेली असते. असे शीड बाजूने येणाऱ्या वाऱ्याचा उत्तम उपयोग करून घेते. किनाऱ्याला समांतर जा-ये करणाऱ्या नौकेला तेच हवे असते. मात्र नौकेची दिशा पालटताना संपूर्ण परभाण डोलकाठीच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला न्यावे लागते. लहान नौकेत हे काम दोघे-तिघे करतात. परभाण नौकेइतकेच लांब झाले म्हणजे त्याच कामाला मोठा ताफा लागतो. तेव्हा एका शिडाचा आकार वाढविण्यास मर्यादा आहे; त्यापलीकडे नौका मोठी करावयाची तर दुसरी डोलकाठी उभारावी लागते. डोलकाठ्यांची संख्या ही म्हणूनच नौकेच्या मोठेपणाची, लांबीपेक्षाही अधिक बोलकी, खूण ठरते.

आता पाण्याच्या क्रमाने नौका पाहू. खाजणात आणि अरुंद खाडीत चालणारी ती होडी. एकाच झाडाचा बुंधा कोरून केलेली, अगर थोड्या फळ्या जोडलेली. तिला शीड असलेच तर ते साहाय्यापुरते. खाडीच्या मुखापासून जवळच्या समुद्रापर्यंत मासेमारी, उतारू आणि किरकोळ मालवाहतूक यांसाठी मचवा. बहुधा एक डोलकाठी, उथळ तळ, तीक्ष्ण नाळ. त्याहून अवजड माल बंदराबंदरांतून नेणारा तो पडाव. किनाऱ्याने लांब पल्ल्याची वाहतूक करणारी दोन डोलकाठ्यांची फत्तेमारी. आणि कच्छ-काठेवाडाकडून येणारे कोटिया व आखातापर्यंत जाणारे बगले हे त्याही पलीकडचे. शिबाड हे नाव जुन्या कागदांत मुख्यत्वे व्यापारी मालाच्या मोठ्या नौकेसाठी येते.

या यादीत एक गोष्ट लक्षणीय आहे. यांतील नावे लांबीवरून पडलेली नाहीत. ‘पट्टमार’ या शब्दाचा जुन्या पोर्तुगीज लेखनातील अर्थ पत्रे नेणारा जासूद असा आहे. त्याच्या कामावरून तो शब्द जलद नौकेस लागला, आणि फत्तेमारी म्हणून जी नौका आपणास माहीत आहे ती त्याच नावाची वारस. ‘गुराब’ हा शब्द अरबी ‘घुराब’ म्हणजे कावळा यावरून आला. ‘गलबत’ या शब्दाचा संबंध पोर्तुगीज ‘गालेओता’ या वल्ह्यांच्या नौकेशी जोडला जातो. पण मराठीत तो एका विशिष्ट लढाऊ प्रकाराचे नाव आहे आणि त्याच वेळी कोणत्याही समुद्रगामी नौकेचे सामान्यनामही आहे. कागदात ‘गलबते’ असा शब्द आला असता तो विशेषार्थाने आला आहे की सामान्यार्थाने, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते.

गुराब आणि गलबत यांचे सर्वांत तपशीलवार वर्णन रॉबर्ट ऑर्म याने १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासाच्या पहिल्या खंडात दिले आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या असत, क्वचित तीन. तीन काठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन काठ्यांची १५० टनांहून अधिक नसे. लांबीच्या मानाने रुंदी पुष्कळ, तळ उथळ; मध्यापासून पुढे निमुळती होत जाणारी आणि शेवटी लांब चोचीसारखी नाळ. या नाळेवरून पुढे मारा करणाऱ्या नऊ अगर बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा, आणि बाजूंना त्याहून लहान तोफा. गलबत हे बांधणीने गुराबेसारखेच, परंतु लहान. मोठ्यात मोठे गलबत क्वचितच ७० टनांपलीकडे जाई. त्याला दोन काठ्या, त्यांतील मागची बारीक. मुख्य काठीवर एक मोठे त्रिकोणी शीड. वजन कमी राहावे म्हणून पुष्कळांचा तक्तपोशीचा भाग चिरलेल्या बांबूंचा केलेला असे. मोठ्या गलबतांवर मात्र पक्की तक्तपोशी आणि दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा असत. चाळीस ते पन्नास वल्ह्यांनी ते ताशी सुमारे चार मैल वेगाने नेता येई. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते हे आंग्र्यांच्या मुख्य आरमाराचे सामान्य स्वरूप, असेही तो सांगतो.

या दोन प्रकारांचे कार्य परस्परपूरक होते. वारा पडला की गलबते दोर लावून गुराबांना ओढून नेत, आणि शत्रूच्या जहाजाच्या मागील बाजूस, म्हणजे जेथे त्याच्या तोफा थोड्या असतात तेथे, आणून उभ्या करीत. गुराबांनी शिडे व डोलकाठ्या यांवर मारा करून जहाज निकामी केले, म्हणजे माणसांनी भरलेली गलबते त्याला चिकटत. १७३५ च्या डिसेंबरात ‘डर्बी’ हे ईस्ट इंडिया कंपनीचे मोठे जहाज संभाजी आंग्रे यांच्या आरमाराने जिंकले. १७५४ मध्ये ५०, ३६ आणि १८ तोफांची तीन डच जहाजे तुळाजी आंग्रे यांच्या आरमारापुढे गेली, त्यांपैकी दोन जळाली व एक हाती लागले. एकेक गुराब यांतील कोणत्याही मोठ्या जहाजाच्या बरोबरीची नव्हती. विजय आकाराचा नव्हता, आकारांच्या योजनेचा होता.

ही योजना अंगवळणी पडलेली रीत एवढीच होती की विचारपूर्वक स्वीकारलेले धोरण होते? याचे उत्तर रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या, इ. स. १७१५-१६ च्या सुमाराच्या, आज्ञापत्रात मिळते. त्यातील आरमाराच्या प्रकरणात गुराबा फार मोठ्या नसाव्यात व फार लहानही नसाव्यात, मध्यम असाव्यात, गलबतेही तशीच असावीत, आणि वाऱ्यावाचून ज्यांचा उपयोग नाही अशी थोर जहाजे करण्याचे प्रयोजन नाही, असा स्पष्ट आदेश आहे. आरमाराचा एकेक सुभा पाच गुराबा आणि पंधरा गलबते यांचा करावा, असेही सांगितले आहे. याच ग्रंथात आंबा व फणस यांची झाडे रयतेच्या संमतीवाचून तोडू नयेत, असाही निर्बंध आहे. मोठे जहाज बांधण्याचे सामर्थ्य नव्हते म्हणून लहान बांधली, हा पाश्चात्त्य लेखकांत आढळणारा समज या प्रकरणापुढे टिकत नाही. आकार ठरविताना वारा, वल्ही आणि लाकूड या तिन्हींचा हिशेब केलेला होता.

याच सुभ्याच्या आधारे आपण एक गणित करू. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून वीस ‘जहाजे’ होतात. ऑर्मने दिलेल्या कमाल मर्यादा धरल्या, तर दोन काठ्यांच्या पाच गुराबांचे ७५० टन आणि पंधरा गलबतांचे १,०५० टन, एकूण १,८०० टन. सर्व गुराबा तीन काठ्यांच्या मानल्या तरी २,५५० टन. अठराव्या शतकाच्या मध्यास कंपनीची विलायतेस जाणारी जहाजे सामान्यतः ४९९ टनांची म्हणून नोंदली जात. तेव्हा वीस जहाजांचा एक सुभा वजनाने अशा चार-पाच जहाजांहून मोठा नव्हता. येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. ‘टन’ हे त्या काळी बांधणीच्या मापावरून काढलेले अंकन असे, तर आपल्याकडील कागद नौकेचे माप खंडीत, म्हणजे ती वाहील त्या मालाच्या वजनात, देतात. मुंबईची खंडी वीस मणांची, ५६० पौंडांची. म्हणजे चार खंडींचा वजनी टन एक. परंतु खंडीचे मान गावोगावी भिन्न होते, आणि वजनी टन व बांधणीचा टन हेही एक नव्हेत. म्हणून वरील गणित तुलनेपुरतेच ग्राह्य धरावे.

नावाने होणारी दिशाभूल किती मोठी असू शकते, याचे उत्तम उदाहरण १६६५ च्या बसरूर स्वारीचे आहे. शिवाजी महाराजांच्या या आरमारी स्वारीची नोंद इंग्रजांच्या कारवार वखारीच्या पत्रव्यवहारात आहे. तीत ८५ ‘फ्रिगेट’ आणि तीन मोठी जहाजे असा उल्लेख येतो. सतराव्या शतकात या किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या प्रभावाने ‘फ्रिगेट’ हा शब्द लहान, चपळ, वल्ह्यांच्या नौकेला लावीत. पुढे इंग्रजी आरमारात तोच शब्द तीन डोलकाठ्यांच्या मोठ्या युद्धनौकेस रूढ झाला. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबातील कारागिरांनी सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही या नव्या अर्थाची फ्रिगेट. तिचे माप सुमारे हजार टन. १६६५ चा शब्द वाचताना १८१७ ची नौका डोळ्यांपुढे आणली तर महाराजांच्या आरमाराचे चित्र अवास्तव फुगते. उलट ‘त्या तर नुसत्या होड्या होत्या’ असे म्हणून तो अंक बाजूस सारला तर १६७९ ची खांदेरीची घटना उलगडत नाही. त्या वर्षी खांदेरी बेटाला इंग्रजांनी आपल्या मोठ्या जहाजांनी वेढा घातला असता मराठ्यांच्या लहान, वल्ह्यांच्या नौका रात्री उथळ पाण्यातून निसटून बेटावर रसद पोचवीत राहिल्या. १८ ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांची ‘डव्ह’ नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागली, तरी ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजापुढे मराठ्यांच्या नौकांना माघार घ्यावी लागली. बेट मात्र मराठ्यांकडेच राहिले. लढाईत मोठ्या जहाजाचे वर्चस्व आणि मोहिमेत लहान नौकांचे यश, ही दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य आहेत. आणि नौकांचे प्रकार वेगळे केल्याशिवाय ती एकत्र मांडता येत नाहीत.

साष्टीचा पुढील इतिहास थोडक्यात सांगता येईल. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी व १७३९ मध्ये वसई पोर्तुगीजांकडून घेतली. १७५६ मध्ये इंग्रज आणि पेशवे यांच्या संयुक्त मोहिमेत विजयदुर्गास आंग्र्यांचे आरमार जळाले. १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांकडे गेली. गुराब आणि गलबत यांचे लढाऊ कार्य क्रमाने संपले. व्यापारी व मासेमारी नौका मात्र पुष्कळ काळ टिकल्या. १८४५ मध्ये माहीमचा पूल झाला, १८६७ मध्ये विरारपासून मुंबईपर्यंत उपनगरी आगगाडी धावू लागली, आणि ज्या मालासाठी व उतारूंसाठी पूर्वी खाडीची वाट धरावी लागे तो रुळांकडे वळला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्र आल्यावर शीडही मासेमारीतून हळूहळू नाहीसे झाले.

तथापि नावे गेली नाहीत. वेसावे, मढ, मनोरी येथील नौकांना आज यंत्रे आहेत; मुंबई बंदरातील उतारूंच्या यांत्रिक नौकेलाही ‘मचवा’ म्हणतात. डोलकाठी गेली, शीड गेले, लाकडाच्या जागी पुष्कळ ठिकाणी कृत्रिम द्रव्ये आली, तरी जवळच्या पाण्यात माणसे व माल नेण्याचे काम तेच राहिले, म्हणून नाव तेच राहिले. नाव कामाला चिकटते, आकाराला नव्हे, या आपल्या प्रतिपादनाला हा वर्तमान पुरावा होय.

यावरून अभ्यासकाने जुन्या कागदात नौकेचे नाव आढळले असता चार प्रश्न विचारावेत असे सुचवावेसे वाटते. ती कोणत्या पाण्यातील, खाडीच्या, किनाऱ्याच्या की भर समुद्राच्या? तिला डोलकाठ्या किती आणि वल्ही होती की नाही? तिचे माप दिले असल्यास ते खंडीचे की टनाचे, आणि कोठल्या खंडीचे? आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : तिला हे नाव देणारा कोण, तिच्यावर चढलेला तांडेल, दुरून मोजणारा वखारवाला, की पुष्कळ वर्षांनी लिहिणारा बखरकार? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत ‘इतकी जहाजे’ हा अंक लिहून घ्यावा, पण त्याची दुसऱ्या अंकात बेरीज करू नये.

दिंडोशीच्या पश्चिमेस आज इमारतींची दाटी आहे आणि खाडीचा बराचसा काठ भरून निघाला आहे. परंतु एकसरच्या शिळेवरील डोलकाठी व वल्ही, आज्ञापत्रातील मध्यम गुराब आणि वेसाव्याच्या धक्क्यावरील यांत्रिक मचवा या तिन्ही गोष्टी या खाड्यांच्या उथळ, भरती-ओहोटीने बदलणाऱ्या पाण्याने घडविल्या आहेत. ते पाणी समजले की आकार समजतात, आणि आकार समजले म्हणजेच आरमाराचा इतिहास संख्येच्या भ्रमातून मुक्त होऊ शकतो.